ड्रमवरचं नाव

"आजी, थांबव, थांबव! आता त्या मोठ्या ड्रमवर काय लिहिलंय ते वाच."

रविवारी सकाळी आमच्या नातवाचा अमेरिकेहून व्हिडिओ कॉल असतो. तिकडे त्याची शनिवारची रात्र. सध्या तो गिटार शिकतोय, त्यामुळे बोलणं कमी आणि वाजवून दाखवणंच जास्त. त्या दिवशी मात्र त्यानं एक व्हिडिओ पाठवला आणि परीक्षा घेतल्यासारखा समोर बसला. आयुष्यभर मी पोरांना 'फळ्यावर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच' म्हणत आले, आता माझी पाळी!

व्हिडिओ उघडला आणि मला हसूच आलं. अरे, हे तर 'गुमनाम'मधलं 'जान पहचान हो'! म्हटलं, "हे तू मला दाखवतोस? हा सिनेमा मी तुझ्या वयाची असताना पाहिलाय." त्यावर तो म्हणाला, "हो, पण ड्रम पाहिलास का?"

नाही. ड्रम पाहिला नव्हता.

१९६६ चा उन्हाळा असेल. मामा बार्शीहून सोलापूरला आला की आम्हा भाच्यांना सिनेमा ठरलेला. आईची परवानगी काढायला मामाकडे एक हुकमी वाक्य होतं, "अगं, आपल्या मास्टर विनायकांची नंदा आहे त्यात!" नंदा आहे म्हणजे सिनेमा सोज्वळच असणार, अशी आईची समजूत. शिवाय दिग्दर्शक राजा नवाथे, आणि हसवायला आपला धुमाळ. एवढी मराठी मंडळी म्हटल्यावर नाही म्हणायला जागाच राहिली नाही.

आणि सिनेमा सुरू होऊन थोडा वेळ होतो न होतो, तोच हे गाणं! मोठा क्लब, चकाकत्या झिरमिळ्यांचे कपडे घातलेली लक्ष्मी छाया, डोळ्यांवर काळे मुखवटे चढवलेले नाचणारे. ती ज्या तऱ्हेनं मान आणि केस हलवत होती ते पाहून माझ्या शेजारी बसलेल्या आजीबाई म्हणाल्या, "अंगात आलंय की काय पोरीच्या!" मामा खाली मान घालून शेंगा सोलत बसला. आम्ही भाचरं मात्र तोंडाचा आ करून पाहत होतो. मागे काही माणसं गिटारी आणि ड्रम वाजवत होती, एवढंच लक्षात राहिलं. ती कोण, हा प्रश्नच मनात आला नाही. आमच्या शाळेत इंग्रजी आठवीपासून. भरभर सरकणाऱ्या पडद्यावरची इंग्रजी अक्षरं वाचायची सवयही नव्हती.

तर आता, जवळजवळ साठ वर्षांनी, चष्मा पुसून वाचलं. 'टेड लायन्स अँड हिज कब्ज'. पडद्याच्या मधोमध, चांगलं ठळक अक्षरांत.

नातवानं सांगितलं की हा मुंबईतला बीट ग्रुप. बीट ग्रुप म्हणजे दोन-तीन गिटारी, एक ड्रम आणि गाणारी पोरं. इंग्लंडमध्ये १९६३-६४ च्या सुमाराला बीटल्सनं जी लाट उठवली, तिचे शिंतोडे मुंबईपर्यंत आले होते. नावातली गंमत मला आवडली. लायन्स हे आडनाव, पण ऐकायला 'सिंह'. मग बाकीचे ओघानंच छावे! कुणीतरी हौसेनं, हसत-हसत ठेवलेलं नाव असणार.

आम्हाला सोलापुरात या लाटेचा पत्ता असायचं कारण नव्हतं. आमचं संगीत म्हणजे बुधवारी रात्री सिलोनवरची बिनाका गीतमाला, गणपतीतले मेळे आणि लग्नातला बँड. बीटल्स आमच्यापर्यंत आले तेही शंकर-जयकिशन यांच्या हातून. त्याच १९६५ सालच्या 'जानवर'मध्ये शम्मी कपूरचं एक गाणं आहे, डोक्यावर केसांचे टोप चढवलेल्या चौघांसकट, ते सरळ बीटल्सच्या १९६३ च्या गाण्याच्या चालीवर बेतलेलं. आम्हाला ती चाल शंकर-जयकिशन यांचीच वाटायची. आम्ही ती शाळेच्या वाटेवर गुणगुणायचोही!

आता गंमत बघा. या एका गाण्यात किती माणसं आहेत! आवाज मोहम्मद रफीचा. पडद्यावर गातोय असं दाखवलंय तो मुखवटेवाला हर्मन बेंजामिन. नाच बसवणाराही तोच. संगीत शंकर-जयकिशन यांचं. त्यांच्याकडे तेव्हा ठेक्याची बाजू सांभाळायचे आपले दत्ताराम वाडकर, आणि वाद्यमेळाची रचना करायचे गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा. त्याखेरीज स्टुडिओत बसून व्हायोलिन, सॅक्सोफोन, ट्रम्पेट वाजवणारी कितीतरी माणसं, त्यांत गोव्याची पुष्कळ. त्या काळी ना तबकडीवर त्यांचं नाव यायचं, ना पडद्यावर. म्हणजे स्टुडिओत वाजवणाऱ्यांचा सूर ऐकू येणार, पण चेहरा नाही. पडद्यावर वाजवणाऱ्यांचा चेहरा दिसणार, तोही बऱ्याचदा मुखवट्याआडचा. नाव दोघांनाही नाही. आणि ज्यांचं नाव ड्रमवर लिहिलं होतं, त्यांचं कुणी वाचलं नाही.

सिनेमाचं नाव काय, तर 'गुमनाम'! आणखी एक योगायोग. हे गाणं संपल्यावर त्या क्लबमध्ये सोडत निघते, आणि परदेशच्या सहलीचं बक्षीस मिळालेल्या सात जणांची नावं एकेक करून पुकारली जातात. पुढे ते विमान बिघडलं म्हणून एका निर्जन ठिकाणी उतरतं आणि एकेकाचा खून होत जातो, ती कथा तुम्हाला ठाऊकच आहे. मूळ अगाथा ख्रिस्तीची. पण मला या वेळी जाणवलं ते एवढंच, की इतका वेळ जीव तोडून वाजवणाऱ्यांची नावं कुणी घेत नाही, आणि लगेच पुढच्या प्रसंगात तिकिटवाल्यांची नावं मात्र मोठ्यानं वाचून दाखवतात.

हे गाणं पुढे कुठल्या कुठे गेलं. २००१ साली 'घोस्ट वर्ल्ड' नावाचा एक अमेरिकन सिनेमा आला. त्याच्या सुरुवातीलाच एक एकटी मुलगी आपल्या खोलीत टीव्हीवर हे गाणं लावून लाल गाऊन घालून बेभान नाचते. शब्द तिला कळत नाहीत, पण ती लक्ष्मी छायासारखीच मान हलवते. २०११ मध्ये एका परदेशी बिअरच्या जाहिरातीत तेच गाणं वाजलं. आमच्या नातवाच्या गिटारच्या मास्तरांना ते माहीत आहे, आणि त्यांचा हिंदीशी काडीचा संबंध नाही. लक्ष्मी छाया २००४ साली गेली. रफी तर १९८० मध्येच. गाणं मात्र जगभर हिंडतंय.

मी म्हटलं, "मग या छाव्यांचं नाव मोठं का झालं नाही?" त्यावर नातवानं इंग्लंडची एक गोष्ट सांगितली. तिथला 'द हू' नावाचा ग्रुप पुढे खूप गाजला. (बँडचं नाव काय, तर 'कोण'! मी हसून घेतलं.) पण त्यांची पहिली तबकडी या नावानं निघालीच नाही. १९६४ च्या जुलैमध्ये ती निघाली तेव्हा त्यांच्या व्यवस्थापकानं नाव बदलून 'द हाय नंबर्स' करायला लावलं होतं. दोन्ही बाजूंच्या गाण्यांचे शब्दही त्या व्यवस्थापकाचे, आणि चाली अमेरिकन तबकड्यांवरून उचललेल्या. तबकडी चालली नाही. पोरांनी नाव पुन्हा 'द हू' केलं, स्वतःची गाणी केली, आणि पुढच्याच वर्षी लोक त्यांना ओळखायला लागले. आज त्या पडेल तबकडीसाठी संग्राहक मोठ्या किमती मोजतात म्हणे.

पण पहिला प्रयत्न फसल्यावर दुसरा करायला मिळाला म्हणून ती गोष्ट झाली. ज्यांना दुसरा मिळाला नाही त्यांचं काय? आपल्याकडे एका सिगारेट कंपनीनं 'सिमला बीट' नावाच्या स्पर्धा भरवल्या होत्या. देशभरातली कॉलेजची पोरं गिटारी घेऊन यायची. १९७० आणि १९७१ साली त्यांच्या दोन एलपी निघाल्या. त्यातल्या कित्येक ग्रुपच्या नशिबात तेवढंच ध्वनिमुद्रण आलं. एकच गाणं किंवा दोन, मग नोकऱ्या, लग्नं, संसार. त्याच वर्षांत मी बी.ए.ला होते, मराठी घेऊन. वयानं ती पोरं माझ्याच बरोबरीची. त्यांच्यापैकी कुणाचंही नाव मला सांगता येत नाही.

असो. एवढं पुराण लावलं, पण हे लिहायला बसले त्याचं कारण वेगळंच आहे. तो ड्रम पाहिल्यापासून मला झोप लागेना.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. शाळेचं नाव लिहीत नाही. १९८६ चा जानेवारी, गड्ड्याची यात्रा नुकतीच आटोपलेली, आणि आमचं स्नेहसंमेलन. नववीच्या मुलींचं कोळीनृत्य बसवलं होतं. भाड्यानं आणलेला टेपरेकॉर्डर ऐन वेळी, पडदा वर जायला दहा मिनिटं असताना, कॅसेट गिळून बसला. फीत बाहेर काढली तर तिचा शेवया झालेला गुंता. मुली नटूनथटून रडायच्या बेतात.

तेव्हा नववी ब मधला एक मुलगा पुढे आला. पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा, वडील पॉवरलूमवर. वर्गात मागच्या बाकावर, तोंडातून शब्द फुटायचा नाही. म्हणाला, "बाई, मी वाजवू का? बँजो हाय माझ्याकडं." गल्लीच्या गणपतीत तो वाजवायचा. सायकलवरून घरी जाऊन सात-आठ मिनिटांत बँजो घेऊन आला. आपल्याकडचा बँजो म्हणजे बुलबुल तरंग हो, टाइपरायटरसारख्या कळांचा, मूळचा जपानी. अंगावर त्याच्या रोजचा, कॉलर विरलेला शर्ट. मी म्हटलं, "विंगेत पडद्यामागं बस. माइक तिथं देतो." का? तर बाकी सगळे सजलेले, आणि याच्या अंगावर असला शर्ट. बरं दिसणार नाही म्हणून. हे मीच ठरवलं, दुसऱ्या कुणी नाही.

त्यानं सगळं गाणं वाजवलं. कडव्यांमधले संगीताचे तुकडेसुद्धा सोडले नाहीत. मुलींचा एक पाय चुकला नाही. लोकांनी वन्समोअर दिला, त्यानं पुन्हा वाजवलं.

शेवटी आभारप्रदर्शन माझ्याकडे. माझ्या हातात आदल्या दिवशी लिहिलेला कागद. मी वाचत गेले. अध्यक्ष, पाहुणे, मुख्याध्यापक, मंडपवाले, लाउडस्पीकरवाले, मुलींना साड्या देणाऱ्या पालक भगिनी, सगळ्या नाचणाऱ्या मुलींची एकेक करून नावं. आणि टेपरेकॉर्डर दिल्याबद्दल त्या दुकानदाराचे आभार. बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरचे! कागदावर होतं, म्हणून वाचलं. त्या मुलाचं नाव कागदावर नव्हतं. ते राहून गेलं. तो विंगेत बँजो मांडीवर घेऊन बसला होता, माझ्यापासून चार हातांवर.

तीन दिवसांनी वर्गात हजेरी घेताना लक्षात आलं. तो 'हजर' म्हणाला आणि माझी मान वर गेली. वाटलं, आत्ता वर्गापुढे बोलावं. मग वाटलं, आता उशिरा कशाला, वार्षिक परीक्षेनंतर निकालाच्या दिवशी बोलू. नववीनंतर त्यानं शाळा सोडली. निकाल न्यायला त्याचा धाकटा भाऊ आला.

२००३ साली एका लग्नात वरातीपुढं बँजो पार्टी होती. पुढे गाडीवर मोठा ड्रम, त्यावर रंगानं देवाचं नाव आणि खाली फोन नंबर. बँजोवाला थांबला, घाम पुसत माझ्याकडे आला आणि वाकून नमस्कार केला. "बाई, ओळखलं का?"

"ओळखलं की रे!" मी म्हटलं.

तो क्षणभर थांबला. नाव घेईन म्हणून थांबला, हे मला तेव्हाच कळलं. पण मला नाव आठवत नव्हतं. बँजो आठवत होता, विरलेली कॉलर आठवत होती, कोळीनृत्य आठवत होतं. नाव नाही. मी विचारलं, "मुलंबाळं काय म्हणतात?" तो म्हणाला, "बरी हायत, बाई." आणि वरात पुढे गेली.

म्हणून त्या रविवारी नातवाचा फोन ठेवल्यावर मी गप्पच बसले. मग एका जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला. त्या कोळीनृत्यातलीच एक. त्यांच्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. 'बँजो वाजवणारा' एवढ्याच खुणेवर दहा मिनिटांत नाव आलं, नंबरही आला. नाव वाचलं आणि हजेरीपुस्तकाचं ते पानच डोळ्यांपुढं उभं राहिलं. त्याच्या वरचं नाव, त्याच्या खालचं नाव, सगळं!

संध्याकाळी फोन केला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, ते सगळं विसरले. पलीकडून "हॅलो" आल्यावर मी फक्त त्याचं पूर्ण नाव उच्चारलं, आडनाव, नाव, वडिलांचं नाव, हजेरी घेताना घेत असे तसं.

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग हळूच आलं, "हजर, बाई."

बराच वेळ बोललो. बँजो पार्टी केव्हाच बंद झाली. डॉल्बी आली तशा सुपाऱ्या कमी झाल्या. ड्रम विकला, बँजो तेवढा माळ्यावर आहे. आता तो एका टॉवेलच्या कारखान्यात आहे. मी त्याला तो आभाराचा कागद सांगितला. माफी मागितली. वाटलं, म्हणेल, "सोडा हो बाई, कुठलं आठवतंय!"

तसं म्हणाला नाही. म्हणाला, "आठवतंय की. त्या रात्री घरी गेल्यावर आईनं विचारलं, नाव घेतलं का रे माइकवर? मी म्हटलं, घेतलं."

यावर मी काय बोलणार?

शेवटी मी म्हटलं, "मी हे सगळं माझ्या ब्लॉगवर लिहिणार आहे. तुझ्या नावानिशी." मला वाटलं, एवढं तरी करता येईल. चाळीस वर्षांचं देणं, उशिरा का होईना.

तो जरा अडखळला. "लिवा बाई. पण नाव नको. पोरीचं लगीन जमवायलोय. पाहुणे चांगल्या घरचे हायत. बाप वरातीत बँजो वाजवत होता म्हटलं की…" पुढे बोलला नाही.

मी त्याला समजावणार होते, कलेत कमीपणा कसला वगैरे. बाईपणा जात नाही! पण थांबले. त्याला पडद्यामागं बसवणारी मीच. आता पुढे ये म्हणायचा हक्क मला कुठला? त्याचं नाव, त्यानं ठरवायचं.

तेव्हा मंडळी, नाव लिहीत नाही. क्षमस्व.

मात्र पुढच्या रविवारी नातवानं सगळं ऐकून घेतल्यावर विचारलंच, "पण आजी, त्यांचं नाव काय?" त्याला सांगितलं. तो काही पाहुण्यांना कळवायला जाणार नाही! त्याच्या अमेरिकन जिभेला ते तेलुगू आडनाव झेपेना. दोनदा चुकला. मी म्हटलं, "परत म्हण." तिसऱ्या वेळी बरोबर म्हणाला.